पलीकडचं स्टूल

१

आमच्या घरी सकाळचा चहा झाला की माझे सासरे, म्हणजे बाबा, खाली कारखान्यात जाऊन चौकट उभी करतात. कारखाना हे आपलं कौतुकाचं नाव. एक लांब, भरपूर उजेडाची खोली आहे, आणि तिच्या डोक्यावर आम्ही राहतो. भिंतीशी पाण्याचे टब, टबांत भिजत पडलेल्या वेताच्या पट्ट्या, आणि सगळीकडे ओल्या लाकडाचा वास. केसांत, उशांत, चहाच्या कपातसुद्धा. मला आता तो जाणवत नाही. माहेरी गेले की आई नाक मुरडते, तेव्हा आठवतो.

आम्ही खोलीत आडोशाला उभे करायचे वेताचे पडदे विणतो. दोन्ही अंगांनी सारखी जाळी दिसायला हवी, म्हणून ते काम एकट्याचं नव्हे. चौकटीच्या कडेनं भोकं पाडलेली असतात. अलीकडच्यानं भिजलेली पट्टी एका भोकातून सारायची, पलीकडच्यानं ती ओढून, ताण देऊन शेजारच्या भोकातून परत पाठवायची. सुरुवातीला समोरचं माणूस अख्खं दिसतं. उभ्या पट्ट्या पडल्या की ते गजाआड गेल्यासारखं वाटतं, आडव्या पडल्या की त्याचे चौकोन होतात. तिरक्या पडायला लागल्या की मग बारीक भोकंच उरतात. त्यांत कधी एखादं नख दिसतं, कधी बाहीचा रंग.

विणताना बोलायचं नाही. पट्ट्या सुकू नयेत म्हणून ओठांत धरलेल्या असतात, त्यामुळे बोलता येतही नाही. त्याऐवजी टिचकी मारायची. चौकटीवर आपण एक टिचकी मारली आणि पलीकडून उलट टिचकी आली, की मगच टोचा, म्हणजे अणकुचीदार सळई, घालून पट्टी सारायची, नाहीतर टोचा एखाद्याच्या बोटात जायचा. ही या घराची पहिली शिकवण. मी ती एका दिवसात शिकले आणि सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

टिचकी आली म्हणजे पलीकडे माणूस आहे, असं सगळे धरून चालतात. मीही चालले.

२

आता मी या घरात कशी आले ते सांगायला हवं. त्यात माझी फारशी शोभा नाही.

लग्नाआधी मी फर्निचरच्या दुकानात कामाला होते. दुपारी गिऱ्हाईक नसे. मालक पेंगत, आणि मी कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत बसून भुताखेतांच्या कादंबऱ्या वाचत असे. अशा कादंबऱ्यांचा मला नाद होता, अगदी व्यसन म्हणा. तळघर, कुलूपबंद खोली, डोळे फिरवणारं तैलचित्र, मुका नोकर, आणि नववधूपासून काहीतरी लपवणारा खानदानी पुरुष. आई म्हणायची, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस! एवढी भीती वाटते तर वाचतेस कशाला?" तिला काय सांगणार, की भीती वाटावी म्हणूनच वाचते?

एका दुपारी नायिका नेमकी तळघराच्या पायऱ्या उतरत असताना माझ्या पायाशी काहीतरी सळसळलं. मी किंचाळून दोन्ही पाय वर घेतले आणि खुर्चीची बैठक फाटून आत गेले. सळसळ मालकांच्या मांजराची होती. मी मात्र खुर्चीत अशी रुतले की मालकांना मला उपसून काढावं लागलं.

खुर्ची दुरुस्त करून द्यायला एक उंच, शांत तरुण आला. "वजनानं नाही फाटली," तो बैठकीवरून हात फिरवत म्हणाला. "कुणीतरी उडी मारलीय." मी पुस्तक पाठीमागे लपवलं. त्यानं ते पाहिलं आणि हसू दाबलं. त्यानंतर त्या खुर्चीची काळजी त्याला फारच वाटू लागली. ताण तपासायला यायचा, पॉलिश बघायला यायचा. शेवटी मालकच वैतागून म्हणाले, "अहो, ताकाला येऊन भांडं का लपवता? विचारून टाका की तिला!"

त्यानं विचारलं, मी हो म्हटलं. तो मला 'कादंबरी' म्हणायला लागला, आणि मला ते नाव आईनं ठेवलेल्या नावापेक्षा आवडलं. खरं सांगायचं तर मी त्या माणसाच्या इतकी प्रेमात होते, की तो रस्त्याच्या टोकाला दिसला तरी मला हात कुठं ठेवावेत कळायचं नाही. हे पुढं लक्षात ठेवा. बाकी सगळं त्याच्यापायीच झालं.

३

लग्नाला थोडे दिवस होते तेव्हा त्यांच्याकडे एका मोठ्या हॉटेलचं काम आलं आणि माणसं कमी पडली. मी मदतीला आणि काम शिकायला म्हणून राहायला गेले. मनात मात्र वेगळंच होतं. सासर! नव्या सुनेचं अनोळखी घर! माझी बॅग मी कपड्यांपेक्षा अपेक्षांनीच जास्त भरली होती.

घरानं सपशेल निराशा केली. पांढऱ्या भिंती, मोठाल्या खिडक्या, पुसून लख्ख केलेली फरशी. भुतानं राहायचं म्हटलं तर बूड टेकायला अंधारा कोपरा नाही. माणसंही तशीच स्वच्छ. नणंदबाई, म्हणजे ताई, बडबड्या आणि खळखळून हसणाऱ्या. बाबा मितभाषी, चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारे.

पण सासूबाई नव्हत्या. त्या गेल्या होत्या, आणि त्यांच्याविषयी कुणी बोलत नव्हतं. भिंतीवर फोटो नव्हता. बाबांच्या खोलीत एक मोठं कपाट होतं आणि त्याला कुलूप होतं. ते कुलूप पाहिलं आणि माझ्या अंगावर सुखाचा काटा आला. मितभाषी सासरा, नाहीशी झालेली बायको, कुलूपबंद कपाट! अजून काय हवं?

एकदा ताईंना मी सहज विचारल्यासारखं विचारलं. काम संपलं होतं. त्या बाकीची स्टुलं टेबलाखाली सारत होत्या, पण चौकटीच्या पलीकडचं एक स्टूल त्यांनी फडक्यानं पुसून जिथल्या तिथं ठेवलं.

"हे नाही आत ठेवायचं?"

"ते राहू दे गं. आईची जागा ती. आता मीच बसते तिथं, पण हलवत नाही." मग त्यांनी फडक्याची घडी घातली. "दादा कायम तिच्यासमोर बसायचा. अलीकडे तो, पलीकडे ती. ती गेल्यापासून माल पोचवायचं नि बाहेरच्या दुरुस्तीचं तेवढं काम करतो. चौकटीला बसत नाही."

शहाण्या मुलीनं यातून काय ते ओळखलं असतं. मी ओळखलं, की बाबांनी तिला मारलं असणार.

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी, सगळे खाली असताना, केसातली पिन घेऊन मी ते कपाट उघडलं. आत लोकरीची पांघरुणं होती. डांबराच्या गोळ्या होत्या. लहान मुलाचे हातानं विणलेले स्वेटर होते, एकाखाली एक, वाढत्या मापाचे. डोंगर पोखरून मी उंदीर काढला होता, आणि वळून पाहिलं तर दारात तो उभा होता.

"काय शोधतेस?"

मला खोटं बोलता येत नाही. निदान तेव्हा येत नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं. बाबांविषयी मला काय वाटलं तेसुद्धा. त्याचा चेहरा हळूहळू पांढरा होत गेला.

"न्यूमोनिया झाला होता तिला," तो म्हणाला. "हॉस्पिटलात गेली. आम्ही तिघंही तिथंच होतो. दिवसभर पाण्यात हात असायचे, छाती भरायची, कुणाचं ऐकायची नाही. एवढंच आहे. फोटो नाही, कारण बाबांना तो बघवत नाही."

मी रडायला लागले. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"मला एकच कळू दे," तो म्हणाला. "आम्ही तुला माणसं दिसतो की गोष्टीतली पात्रं? हे परत नको. बाकी कशाचीही चेष्टा कर, पण आईच्या बाबतीत हे असलं परत नको. मला नाही झेपणार. लग्न मोडलं तरी चालेल, पण हे नाही."

मी शपथ घेतली. त्यानं कपाट लावलं, आणि आम्ही खाली गेलो.

४

माणूस मोठं कधी होतं, असं विचारतात. मी त्या कपाटासमोर झाले. माहेरी जाऊन सगळ्या कादंबऱ्या काढल्या आणि शेजारच्या शिंपीणबाईंना देऊन टाकल्या. त्यांनी त्या आवडीनं ठेवून घेतल्या आणि पुढं त्यांना झोपेचं औषध सुरू करावं लागलं, असं ऐकते. आई म्हणाली, "देव पावला."

लग्न साधंच झालं. सह्या, थोडी फुलं आणि एक फोटो. फोटोत माझे डोळे मिटलेले. बाबांनी मला जवळ घेतलं, त्यांना काहीच माहीत नव्हतं. तो कुणाला बोलला नव्हता. त्या एका गोष्टीसाठी मी त्याची जन्माची ऋणी झाले. मनात ठरवलं, की या घरात जे दिसेल तेच बघायचं, जे ऐकू येईल तेच ऐकायचं आणि डोकं ताळ्यावर ठेवायचं.

चौकटीला मी अलीकडे बसे आणि ताई पलीकडे. दुपारचं ऊन तिरकं होऊन जाळीतून आत यायचं, फरशीवर भोकाभोकांची नक्षी पडायची आणि सावकाश सरकायची. पट्टी जायची, पट्टी यायची. थोड्या वेळानं आपण विणतोय हेही विसरायला व्हायचं, एखाद्या लांबच्या गावी नावेतून चाललोय असं वाटायचं. इतकं सुख मला कुठल्याच पुस्तकानं दिलं नव्हतं.

५

अशाच एका दुपारी जेवणं उरकून मी खाली आले. तिरक्या पट्ट्या निम्म्या झाल्या होत्या, जाळी दाट होती. मी ओठांत पट्ट्या धरल्या, बसले आणि टिचकी मारली. उलट टिचकी आली.

आम्ही छान लयीत विणत होतो. त्या दिवशी ताईंचा हात नेहमीपेक्षा हलका वाटला. एरवी त्या हिसका देतात. त्या दिवशी मात्र पट्टी माझ्या हातून कुणीतरी समजून घ्यावी तशी जात होती आणि बरोबर भोकाच्या मधोमध परत येत होती. एके ठिकाणी मी पट्टी वरून घ्यायची ती खालून घेतली. पलीकडून ती शेजारच्या भोकातून आली नाही. त्याच भोकातून मागं सारली गेली, आणि मी चूक सुधारेपर्यंत थांबली. ताई असं कधी करत नाहीत, सरळ ओरडतात.

ऊन भिंतीपर्यंत गेलं तेव्हा रस्त्याकडचं दार उघडलं आणि पिशव्या सावरत ताई आत आल्या.

"अगं बाई! एकटीनं एवढं उरकलंस?" त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या. "बाजारात ही गर्दी! पाय मोडले माझे. किती वेळा उठून पलीकडे गेलीस गं? सांगायचं तरी, मी लवकर आले असते."

माझ्या ओठांत पट्ट्या होत्या. त्या तशाच राहिल्या.

"आणि पलीकडची बाजू तर तुझ्या बाजूपेक्षा चांगली जमलीय!" चौकटीला वळसा घालून ताई म्हणाल्या. मला त्या जाळीतून तुकड्यातुकड्यांनी दिसल्या. त्यांनी तिथल्या स्टुलावर बसून चपला काढल्या. "ई! स्टूल ओलं केलंस. पुसत जा बाई."

६

मी घाबरले नाही. घाबरायचं नाही असं ठरवलंच होतं, त्यामुळे आधी कारणं शोधली. बाबा असतील, पण बाबा वर घोरत होते, घोरणं जिन्यातून ऐकू येत होतं. हा असेल, पण हा माल घेऊन गावाबाहेर गेला होता. मग मी वेताकडे वळले. भिजलेला वेत जिवंत असल्यासारखा वळतो, ही खरी गोष्ट आहे. सारलेली पट्टी आपोआप वळून शेजारच्या भोकातून डोकं काढू शकते. आणि टिचकी? लाकूड वाळताना तडतडतंच की. एकदा असं होईल. सबंध दुपारभर होईल का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

विचारला असता तरी सांगणार कुणाला? दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. "तुझ्या आईच्या जागेवर कुणीतरी बसतं," हे वाक्य मी मनात कसंही फिरवून पाहिलं, तरी शेवटी नवऱ्याचा तो पांढरा चेहरा उभा राहायचा. ज्या मुलीनं खोटंखोटं भूत शोधलं, तिला आता खरं सापडलं तरी बोलायची चोरी. यात एक विनोद आहे, तो मला तेव्हाही कळत होता.

म्हणून मी युक्ती केली. ताई पलीकडे बसल्या आहेत हे डोळ्यांनी बघून घ्यायचं, मगच खाली बसायचं. काही दिवस सुरळीत गेले. पण ताई कधी फोन आला म्हणून उठत, कधी गॅस बंद करायला वर पळत, आणि सांगून जायची त्यांना सवय नव्हती. मला ते कळायचं फक्त हातावरून. मधेच हिसके थांबत आणि पट्टी हलकी जायला लागे. मग मी मान खाली घालून विणत राही. वरून ताईंचा आवाज यायचा, त्या कुणाशी तरी फोनवर हसत असायच्या, आणि माझ्या समोर पट्टी येत राहायची.

सगळ्यात वाईट म्हणजे ते मला आवडायला लागलं. माझा हात सुधारत होता. चुकले तर ती पट्टी थांबायची, बरोबर केलं तर लगेच परत यायची. एवढ्या मायेनं मला आजवर कुणी काही शिकवलं नव्हतं. एका संध्याकाळी बाबा तयार पडद्यावरून बोटं फिरवत उभे राहिले. चष्मा कपाळावरच होता.

"कुणी विणलं हे?"

"मी आणि ताईंनी."

"पोरीचं नाही हे काम," ते म्हणाले. "आमची ही असा ताण द्यायची. तुझ्या हाताला तो आला कुठून?"

मी म्हणाले, "तुमचंच बघून शिकले, बाबा." खोटं बोलायला मला जमायला लागलं होतं.

७

मग एक ढगाळ दुपार आली. ताई आजारी मैत्रिणीला भेटायला गेल्या, मी त्यांना रस्त्याच्या वळणापर्यंत जाताना पाहिलं. घरात बाबा झोपलेले. मला खाली जायचं काही कारण नव्हतं. तरी मी गेले, बसले आणि टिचकी मारली. का, ते आजही सांगता येत नाही. फार दिवसांनी कुणाशी बोलावंसं वाटावं तसं झालं.

टिचकी लगेच आली. जणू वाटच बघत होती.

त्या दिवशी मी जाळीच्या भोकांतून बघितलं. उजेड कमी होता. एका भोकात बोटाचं टोक दिसलं. नख बारीक कापलेलं, स्वच्छ, आणि कातडी पांढरी पडून सुरकुतलेली. आमच्या सगळ्यांची बोटं संध्याकाळी तशी होतात, पाण्यात राहून. पण रात्री हात पुसून झोपलं की सकाळी ती पूर्ववत होतात. या बोटाला पाण्याबाहेर येऊन कधी वाळायला मिळालंच नसावं. मी बघत होते, ते हलत नव्हतं. मला नीट बघता यावं म्हणून थांबल्यासारखं वाटलं.

मी पट्टी सारली. पलीकडून ती ओढली गेली, थोडी जास्त. माझं बोट पट्टीबरोबर भोकात गेलं. पट्टी सुटली आणि माझं बोट मात्र धरलं गेलं.

जोर नव्हता त्यात. रस्ता ओलांडताना लहान मुलाचं बोट धरतात, तेवढंच. गार होतं आणि ओलं होतं. मी ओढलं असतं तर सुटलं असतं, असं मला वाटतं. पण पुष्कळ वेळ मी ओढलं नाही.

ढग सरकून ऊन आलं तेव्हा बोट मोकळं झालं होतं आणि पलीकडे स्टूल रिकामं होतं. खाली पाण्याचं थारोळं होतं. मी ते पुसलं. पुसताना रडत होते.

८

त्या संध्याकाळी मी त्याला सांगितलं. लपवून संसार करायचा तर तो माझा संसार कसला, असं वाटलं. मी एका दमात सगळं बोलले आणि शेवटी म्हणाले, "मोडायचं तर मोड. पण मी हे वाचलेलं नाही, बघितलंय."

त्यानं माझं ते बोट हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं, डॉक्टर बघतात तसं.

"तू एकटी पडलीस," तो म्हणाला. "चूक माझी आहे. मी दिवसभर बाहेर, तू त्या जाळीसमोर. कुणालाही भास होतील. मनी वसे ते स्वप्नी दिसे. उद्या दुपारी मी घरी थांबतो."

तो रागावला नव्हता याचा मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. तो इतका दयाळू आहे याचं वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर आम्ही दोघंच खाली आलो. आधी तो अलीकडे, माझ्या शेजारी बसला. मी टिचकी मारली. काही आलं नाही. परत मारली. रस्त्यावरून एक सायकल गेली. मी पट्टी सारली, ती पलीकडे तशीच लोंबत राहिली.

"बघ," तो हळूच म्हणाला. "लाकूड आहे आणि वेत आहे."

मी मान हलवली. मला ओशाळल्यासारखं झालं, आणि कसं सांगू, जरा पोरकंही वाटलं.

मग तो उठला. चौकटीला वळसा घालून त्या स्टुलापाशी जाऊन थांबला. त्याला तिथं बसायचं किती जड जातंय ते मला जाळीतूनही कळलं. "या बाजूला मी कधीच बसलो नाही," तो म्हणाला. "पण आता रोज बसत जाईन. म्हणजे टिचकी आली की तुला माहीत असेल, मीच आहे." त्यानं स्टूल ओढलं आणि बसला. माझ्यासाठी बसला तो. त्या क्षणी मी त्याच्यासाठी काहीही केलं असतं.

जाळी दाट होती. मला त्याच्या निळ्या शर्टाचे ठिपके तेवढे दिसत होते. त्यालाही माझे तेवढेच दिसत असणार.

त्याची टिचकी आली. मी हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकवून धरले. म्हटलं, जरा श्वास घेते आणि मग उत्तर देते.

माझ्या कानाजवळ, चौकटीवर, उलट टिचकी वाजली.

पट्टी टबातून निघाली, माझ्या गुडघ्याजवळून फरशीवर पाणी ठिबकवत वर गेली आणि भोकातून आत सरकली. निळे ठिपके हलले, त्यानं ती ओढून परत दिली. तिला घ्यायला माझ्या उजव्या खांद्यावरून एक हात पुढं आला. मग डाव्या खांद्यावरून दुसरा. मला मनगटापर्यंतच दिसले, कारण मी मान वळवली नाही. पाठीला ओल लागत होती. कुणीतरी मला मांडीत घेऊन बसल्यासारखं, माझ्या दोन्ही बाजूंनी हात घालून, घाईगर्दी न करता विणत होतं.

"अगं, किती सुंदर चाललंय," पलीकडून तो म्हणाला. त्याला तिथं बसून पट्ट्या ओठांत धरायचं भान राहिलं नव्हतं. "बाबा म्हणाले होते, मला खरं वाटलं नव्हतं. अगदी तिचा हात आलाय तुला. डोळे मिटले तर मला वाटेल..." नाक ओढल्याचा आवाज आला. तो रडत होता, आणि हसतही होता. इतक्या दिवसांत मी त्याला असं कधी ऐकलं नव्हतं.

मी सांगायला तोंड उघडलं. हात एका क्षणासाठी थांबले. पट्टी अर्धी आत, अर्धी बाहेर. मी काय म्हणते त्याची आम्ही दोघीही वाट बघत राहिलो.

"आता पटलं ना?" त्यानं विचारलं. "पलीकडे मीच आहे."

"पटलं," मी म्हणाले.

हात पुन्हा चालू लागले. ऊन जाळीतून आत आलं आणि फरशीवर सरकत गेलं. आम्ही खूप वेळ विणलं. पडदा बराचसा पुरा होत आला तेव्हा त्यानं मायेनं विचारलं, "दमलीस का गं?"

मी माझ्या हातांकडे पाहिलं. ते अजून मांडीवर होते, कोरडे.

"नाही," मी म्हणाले. "मुळीच नाही."